क्रमांक दोनशे सतराचा वाजवी भाव

क्रेगीबर्न या परदेशी उपनगरातल्या मराठी मंडळींत कुठल्याही वस्तूचा वाजवी भाव ठरवण्याचे सर्वाधिकार विलासराव देवस्थळी यांच्याकडे होते. हे अधिकार त्यांना कोणी, कधी आणि कुठल्या ठरावाने दिले याची नोंद उपलब्ध नाही. मात्र सेकंडहँड कॅमरी गाडी असो, छपरावरचे सोलर पॅनेल असोत की इंडियन दुकानातली कोथिंबिरीची जुडी असो, व्यवहारापूर्वी विलासरावांना फोन करणं सक्तीचं मानलं जाई. फोन न करता घेतलेली वस्तू महागच पडलेली असते असा समज रूढ होता, आणि तो रूढ करण्यात विलासरावांचाही थोडा हातभार होता.

त्यांची कार्यपद्धती साधी होती. घेणाऱ्याचा फोन असेल तर आकडा ऐकून ते दातांच्या फटीतून हवा आत ओढत आणि म्हणत, "जास्त सांगतोय." विकणाऱ्याचा असेल तर दोन सेकंद गप्प राहून म्हणत, "कमी आहे. घाई करू नकोस." सव्वीस वर्षांत या दोनपैकी एकही उत्तर चुकीचं ठरलं नव्हतं, कारण ते तपासून पाहण्याची सोयच नव्हती. एरवी विलासराव पंप बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. स्वतः त्यांनी शेवटची मोठी खरेदी दोन हजार चार साली केली होती, ती म्हणजे राहतं घर, आणि त्याचा भाव त्यांच्या बायकोने, वीणाने, ठरवला होता.

तर एका मंगळवारी ऑफिसातून येऊन विलासराव नळीने लॉनला पाणी घालत असताना शेजारच्या डोरीनबाई कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "विल, एक विचारायचं होतं. रिव्हॉल्व्हरचा वाजवी भाव काय असतो?"

विलासरावांनी सवयीने हवा आत ओढली आणि मग ती बाहेर सोडायला विसरले.

डोरीनबाई एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान कीथ, व्यवसायाने प्लंबर, मार्चमध्ये वारले. आता घर विकून त्या रिटायरमेंट व्हिलेजमधल्या छोट्या युनिटमध्ये जाणार होत्या आणि सामानाची विल्हेवाट चालली होती. त्यांनी विलासरावांना किचनमध्ये नेलं, चहा टाकला आणि टेबलावर एक चकचकीत लाकडी पेटी ठेवली. झाकण उघडलं. आत निळं मखमल, आणि मखमलात रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा खड्डा.

"ती कुठाय?" विलासरावांनी विचारलं.

"बंदुकवाल्या वॉरनकडे. कॅम्पबेलफील्डला. परवाना कीथच्या नावावर होता. कीथ गेला, परवाना गेला. मग कायद्याप्रमाणे ती परवाना असलेल्या दुकानदाराच्या तिजोरीत ठेवावी लागते. माझ्याकडे पेटी ठेवायला मात्र हरकत नाही म्हणाले."

पेटीत आणखी तीन वस्तू होत्या: पांढऱ्या सुती हातमोज्यांचा एक जोड, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आणि चोवीस पानांची पुस्तिका. सर्टिफिकेटवर लिहिलं होतं की सदर रिव्हॉल्व्हर ही जॅक ट्रेडवेल या प्रख्यात दरोडेखोराच्या अटकेच्या एकशेविसाव्या स्मृतिदिनानिमित्त काढलेल्या पाचशे नगांपैकी नग क्रमांक दोनशे सतरा आहे. विलासरावांनी पुस्तिका नवव्या पानापर्यंत वाचली. इतकं वाचणारे ते बहुधा पहिलेच गृहस्थ असावेत. नवव्या पानावर बारीक टाइपात म्हटलं होतं की ट्रेडवेलने तीन टपालगाड्या लुटल्या, प्रत्येक वेळी प्रवाशांची माफी मागितली, आणि त्याच्या कोटाखाली जे पिस्तूल वाटे तो खुर्चीचा तुटका पाय होता, असं आता मानलं जातं.

"म्हणजे याच्याकडे रिव्हॉल्व्हर नव्हतीच," विलासराव म्हणाले.

"नव्हती ना? मीही कीथला तेच म्हणाले होते." डोरीनबाईंनी चहा ओतला. "विल, आमच्याकडे एक कॅरॅव्हॅन होती. निवृत्त झालो की ती घेऊन पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या ब्रूमपर्यंत जायचं असं ठरलेलं. एक दिवस कामावरून परत येते तर ड्राइव्हवे रिकामा. कीथ म्हणाला, कॅरॅव्हॅनची किंमत वर्षागणिक उतरते, हिची चढेल. एकतीसशे डॉलर दिले त्याने. पंचवीस वर्षं मी त्याला मूर्ख म्हणत आले. रोज नाही. रविवारी वगैरे." त्या जरा थांबल्या. "आता तो नाही. मला पैशांचं एवढं नाही रे. तो मूर्ख होता की नव्हता, एवढं कळायला हवं. वॉरन नऊशे म्हणतोय."

विलासराव दोन सेकंद गप्प राहिले. "कमी आहे," ते म्हणाले. "घाई करू नका."

"मग किती?"

सव्वीस वर्षांत विलासरावांना हा पुढचा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

*

"अभ्यास करून कळवतो," असं सांगून विलासरावांनी वेळ मारून नेली आणि शनिवारी ते वॉरनच्या दुकानी गेले. वॉरन हा साठीचा, पोटाने पुढे आलेला आणि स्वभावाने संथ माणूस होता. त्याने विलासरावांकडे परवाना मागितला. परवाना नाही म्हटल्यावर त्याने त्यांना काउंटरपासून दोन पावलं मागे उभं केलं, स्वतः हातमोजे चढवले आणि तिजोरीतून क्रमांक दोनशे सतरा काढून, एखादं झोपलेलं बाळ दाखवावं तशी दाखवली.

विलासरावांनी हात पाठीशी बांधून पाहणी केली. पॉलिश उत्तम होतं. नक्षी रेखीव होती. कुठेही गळती दिसली नाही. याउपर त्यांचं ज्ञान त्यांना नेईना.

"कधी चालवलीय?" त्यांनी विचारलं.

"मेट!" वॉरन दुखावला. "एकदाही नाही. चालवली की भाव अर्धा. नुसतं सिलिंडर फिरवलं तरी बारीक रेघ उठते आणि दोनशे डॉलर जातात. उघड्या बोटांनी धरली तर शंभर गेले."

"म्हणजे जिला कोणी हात लावला नाही, चालवलं नाही, पाहिलंसुद्धा नाही, अशी रिव्हॉल्व्हर सगळ्यात महाग?"

"आता तुला धंदा कळायला लागला, मेट."

"मग नऊशे कसे?"

"वस्तूची किंमत म्हणजे समोरचा जेवढी देईल तेवढी."

"समोर कोण आहे?"

"मी."

"तू किती देशील?"

"नऊशे," वॉरन शांतपणे म्हणाला आणि बाळ परत तिजोरीत निजवलं.

दुकानातून विलासराव तडक एका अधिकृत मूल्यनिर्धारकाकडे गेले. मूल्यनिर्धारकांच्या भिंतीवर सहा सर्टिफिकेटं होती आणि टेबलावर घड्याळ पाहुण्याकडे तोंड करून ठेवलेलं होतं. त्यांनी फोटो पाहिले, पुस्तिकेचं वजन केलं आणि विचारलं, "किंमत कशासाठी हवी आहे?"

"कशासाठी म्हणजे?"

"वारशाच्या कागदपत्रांसाठी हवी असेल तर सहाशे. विम्यासाठी हवी असेल तर साडेसहा हजार. घटस्फोटासाठी हवी असेल तर कुणाच्या बाजूने ते आधी सांगा."

"आणि वाजवी किंमत?"

मूल्यनिर्धारकांनी खण उघडला, फॉर्मचा गठ्ठा वरखाली केला आणि खण लावून घेतला. "त्याचा फॉर्म आमच्याकडे नाही," ते म्हणाले. विलासरावांनी विम्याचा फॉर्म घेतला, कारण त्याचा कागद जाड होता.

मधल्या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती, आणि पुढच्या सगळ्या घडामोडींचं मूळ तीत आहे. संग्राहकांच्या एका ऑनलाइन फोरमवर त्यांनी विचारलं होतं: "ट्रेडवेल स्मृती-आवृत्ती, नग २१७, पेटी व हातमोज्यांसह. चार हजार कमी आहेत का?" चारच हजार का, याचं उत्तर त्यांनी त्या वेळी स्वतःलाही दिलं नाही. काहीतरी आकडा लिहायला हवा होता, आणि त्यांच्या डोक्यात त्या दिवशी तो एकच आकडा होता.

फोरमवर पाच जणांनी उत्तर दिलं. पाचांपैकी एकानेही ती रिव्हॉल्व्हर पाहिलेली नव्हती. दोघे म्हणाले, चार हजार योग्य. एक म्हणाला, दोनशेसतरा हा छान आकडा आहे. एकाने आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं. पाचवा म्हणाला, चार हजारांत मिळत असेल तर मी आत्ता घेतो, पण सध्या हात जरा तंग आहे. चार दिवसांनी किमतींची माहिती देणाऱ्या एका वेबसाईटवर 'ट्रेडवेल आवृत्ती' या नावासमोर आकडा झळकला: चार हजार दोनशे, बाजारातील वाढत्या उत्सुकतेनुसार. आठवड्याने वॉरनचा डोरीनबाईंना फोन आला. बाजार हलला आहे, मी अडतीसशे देतो, म्हणाला.

"कमी आहे," विलासराव म्हणाले. या वेळी त्यांच्याकडे पुरावा होता.

*

नचिकेत दाभाडे हा एकतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला आणि एका बँकेत डेटा सायंटिस्ट म्हणून काम करणारा मुलगा विलासरावांच्या गल्लीतच राहत असे. त्याने ही हकिगत ऐकली आणि लॅपटॉप घेऊनच आला.

"काका, तुम्ही हे फीलिंगवर करताय. मॉडेल लागतं." त्याने आकडे भरले. नऊशे, चार हजार, चार हजार दोनशे, साडेसहा हजार. "अडतीसशे नंतर आलेत, ते नॉईज आहे. सहाशे आउटलायर आहे, बाकीच्यांपासून फारच लांब पडतोय, काढून टाकतो."

"नऊशे?"

"ते पण आउटलायर. काढतो." पडद्यावर एक निळी रेघ उजवीकडे वर निघाली, आणि पडदा संपला म्हणून थांबली. नचिकेत खुर्चीत मागे रेलला. "आठ हजार दोनशे. कॉन्फिडन्स चौऱ्याण्णव टक्के."

"उरलेले सहा टक्के?"

"ते सगळ्यांनाच असतात, काका. पण ट्रेंड बघा ना! याच स्पीडने गेलं तर दिवाळीपर्यंत घराचं डिपॉझिट आहे हे."

शनिवारच्या मराठी शाळेबाहेर पालक गाड्यांना टेकून उभे असतात. वर्गात मुलं "हा कमळ" म्हणत असताना बाहेर महाराष्ट्राचं राजकारण, मॉर्गेजचे दर आणि मुलांचे मार्क या तीन विषयांचा निकाल लावला जातो. त्या शनिवारी चौथा विषय आला. नचिकेतने मोबाईलवरची निळी रेघ फिरवली. क्रिप्टोच्या वेळी थांबलेले, प्रॉपर्टीच्या वेळी थांबलेले, कोविडात टॉयलेट पेपरच्या वेळीसुद्धा थांबलेले असे अकरा गृहस्थ तिथे होते. या वेळी थांबायचं नाही, असं एकमताने ठरलं. 'दोनशेसतरा गट' स्थापन झाला, व्हॉट्सॲपवर लोगोसह.

त्यातल्या एकालाही रिव्हॉल्व्हर नको होती. दोघांना तर फटाक्याची भीती वाटे. पण घ्यायची तर परवाना हवा, परवान्यासाठी संग्राहक संघाचं सभासदत्व हवं, आणि सभासदत्वासाठी इतिहासाची खरी गोडी हवी, अशी त्या संघाची अट होती. संघाचे सतरा सभासद होते आणि त्यांचं सरासरी वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या मासिक सभेत एका दुपारी अकरा मराठी माणसं वह्यापेनं घेऊन येऊन बसली, तेव्हा चिटणीसबाईंचे डोळे भरून आले. सप्टेंबरपर्यंत आमच्या मंडळींना ट्रेडवेलच्या तिन्ही टपालगाड्यांच्या तारखा पाठ झाल्या. एकाने तर 'ट्रेडवेल आणि गनिमी कावा: एक तुलना' असा निबंध वाचला. संघाने त्याला चषक दिला.

ही बातमी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्लेन वेव्हर्लीला पोचायला दोन दिवस लागले. ग्लेन वेव्हर्लीचे मराठी लोक चांगल्या शाळांच्या हद्दीत राहतात आणि क्रेगीबर्नला काही मिळतंय हे त्यांना हद्दीबाहेरचं वाटतं. तिथल्या कादंबरी शेवड्यांचा विलासरावांना फोन आला. त्या अकाउंटंट होत्या आणि बोलताना मधूनच कॅल्क्युलेटरची बटणं दाबल्याचा आवाज येई.

"विलासदादा, खरं सांगा हं. आम्ही आठ जण मिळून घेतोय. दहा हजारांपर्यंत जावं का?"

इथे विलासरावांची व्यवस्था प्रथमच कोलमडली. डोरीनबाई विकणाऱ्या, म्हणून त्यांना ते "कमी आहे" म्हणत होते. कादंबरीताई घेणाऱ्या, म्हणून त्यांना "जास्त आहे" म्हणणं भाग होतं. आणि नचिकेतचा गट तर घेणारा असून रोज घरी येऊन चहा पीत होता.

"जास्त आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

पलीकडे बटणांचा आवाज थांबला. "कळलं," कादंबरीताई थंडपणे म्हणाल्या. "म्हणजे क्रेगीबर्नवाल्यांनी बारापर्यंत ठरवलंय. थँक्स, दादा."

विलासरावांनी नचिकेतलाही सांगून पाहिलं. नचिकेतने डोळा मारला. "काका, तुम्ही डोरीनआजींना कमी आहे म्हणता आणि आम्हाला जास्त आहे म्हणता. म्हणजे तुम्हालाच घ्यायचीय ना? नो वरीज. तुमचं नाव टाकतो गटात."

*

डोरीनबाईंनी लिलाव करायचं ठरवलं. एपिंगमधला एक हॉल, शनिवारी दुपारी अडीच. त्या सकाळी विलासराव डायनिंग टेबलावर बसून पोह्यांत चमचा फिरवत होते. समोर वीणा एका बाजूनेच चावत होती.

"अकरा घरं, विलास," ती म्हणाली. "त्यातल्या तिघांनी किचन रिनोव्हेशन पुढे ढकललंय. त्यांतल्याच एका घरची नुपूर म्हणत होती, देवस्थळीकाका आहेत म्हणजे काळजी नाही. तू आहेस म्हणून घालतायत ते पैसे. तुला नक्की माहितीये ना त्याची किंमत?"

"मार्केट चार हजारांपासून वर—"

"ते चार हजार आले कुठून?"

विलासराव पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढू लागले.

वीणाने चमचा खाली ठेवला. "विलास. डेंटिस्टचं कोटेशन कधी आलं होतं?"

"मे महिन्यात. बहुतेक तेरा तारखेला."

"दोन कॅपांचे किती सांगितले होते?"

"जास्त सांगत होता," विलासराव पुटपुटले.

"किती?"

"चार हजार."

वीणा हसायला लागली, आणि हसता हसता तिने गालाला हात लावला, कारण त्या बाजूचे दात अजून तसेच होते. "अरे देवा! माझ्या दाढा विकायला निघालेत हे लोक!"

विलासराव हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या वस्तूची नेमकी किंमत माहीत झाली होती, आणि ती वस्तू दाढ होती.

*

हॉल भरलेला होता. डावीकडे क्रेगीबर्न, उजवीकडे ग्लेन वेव्हर्ली, आणि मध्ये संग्राहक संघाची वडीलधारी मंडळी सँडविचचे डबे घेऊन. व्यासपीठावर मखमली पेटी उघडी ठेवली होती. रिव्हॉल्व्हर अर्थातच तिथे नव्हती. सुरक्षेच्या कारणास्तव ती वॉरनच्या तिजोरीतच होती, आणि तिचा मोठा फोटो पडद्यावर दाखवला जात होता. पहिल्या रांगेत डोरीनबाई निळा कार्डिगन घालून बसल्या होत्या. त्यांनी विलासरावांना शेजारी बसवून घेतलं आणि त्यांच्या बाहीला धरून ठेवलं.

बोली दोन हजारांपासून सुरू झाली आणि चार मिनिटांत साडेसातला पोचली. नचिकेत मॉडेल बघून हात वर करत होता. कादंबरीताई नचिकेतला बघून हात वर करत होत्या. विलासराव डोरीनबाईंकडे वाकले.

"डोरीन," ते हळूच म्हणाले, "मला तुम्हाला काही सांगायचंय. तो चार हजारांचा आकडा माझा. मीच लिहिला. वीणाच्या दातांचं कोटेशन होतं ते. या रिव्हॉल्व्हरशी त्याचा काही संबंध नाही. बाकी सगळे आकडे त्याच्यावरच उभे आहेत."

डोरीनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता, तरी बाहीवरची पकड मात्र सुटली.

"हे त्यांना माहितीये?" त्यांनी हॉलकडे मान हलवली.

"नाही."

"मग उठून सांग."

"पण मग तुमचा भाव पडेल. आणि कीथ..."

"खोट्या आकड्यावर कीथ शहाणा ठरला तर मला ते नकोय, लव्ह. खरं सांग. ते ऐकूनही कोणी घेतली तर मग बघू."

विलासराव उठले. त्यांनी हात वर केला, आणि ही बोली समजली जाऊ नये म्हणून ताबडतोब खाली घेतला.

"माफ करा," ते इंग्रजीत म्हणाले. "हा भाव चुकीचा आहे. चार हजार हा आकडा माझ्या बायकोच्या दोन दाढांचा होता. वरच्या, डावीकडच्या. मी तो फोरमवर लिहिला आणि तिथून सगळं वाढत गेलं. मला रिव्हॉल्व्हरमधलं काहीही कळत नाही. मी पंप तपासतो." मग मराठीत, दोन्ही बाजूंना बघून, ते म्हणाले, "अरे बाबांनो, ज्याच्या नावाने ही काढलीय त्याच्याकडे रिव्हॉल्व्हर नव्हती रे! खुर्चीचा पाय होता! नववं पान वाचा!"

ते खाली बसले. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर तिचाही लिलाव झाला असता.

मग नचिकेत शेजाऱ्याच्या कानाला लागला, जरा मोठ्यानेच. "बघितलंस? काका ग्लेन वेव्हर्लीला घाबरवतायत. आपल्यासाठी भाव पाडतायत. काय माणूस आहे यार!" आणि त्याने हात वर केला. नऊ हजार.

"आम्हाला काय दूधखुळे समजतात का?" कादंबरीताई म्हणाल्या. दहा हजार.

लिलाव पुकारणाऱ्या गृहस्थांनी चष्मा सारखा केला. "सभ्य स्त्रीपुरुषहो, या नगाच्या इतिहासात आत्ताच एक मोलाची भर पडली आहे. ज्यांनी याचा बाजार निर्माण केला ते सद्गृहस्थ स्वतः इथे उपस्थित आहेत, आणि त्यांचं निवेदन आम्ही कागदपत्रांना लेखी जोडून देऊ." मध्ये बसलेल्या संघाच्या एका आजोबांनी सँडविच खाली ठेवलं. बाकीच्या चारशे नव्व्याण्णवांपैकी कुठल्याही नगाला दाढांची हकिगत नव्हती. अकरा हजार, आजोबा म्हणाले.

विलासराव पुन्हा उठले आणि "ऐका, प्लीज!" असं ओरडले, त्याबरोबर भाव तेराला गेला. तिसऱ्यांदा उठले तेव्हा तो सोळा झाला. शेवटी डोरीनबाईंनीच त्यांना बाहीला धरून खाली ओढलं. "बस आता, विल," त्या म्हणाल्या. "तू फार महाग पडतोयस त्यांना."

एकोणीस हजार चारशेला हातोडा पडला. क्रेगीबर्नने जिंकलं. डाव्या बाजूने गजर झाला, कोणीतरी शिट्टी वाजवली, आणि उजव्या बाजूने कादंबरीताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की आम्ही मुद्दामच त्यांना चढवत होतो.

हॉल रिकामा होत आला तेव्हा डोरीनबाई म्हणाल्या, "तर पंचवीस वर्षं मी चुकीचं बोलत होते."

"म्हणजे कीथ शहाणा होता," विलासराव म्हणाले.

"छे." त्या उठल्या, त्यांनी पर्स खांद्याला लावली. डोळे ओले होते आणि हसूही येत होतं. "मूर्खच होता. पण एकटा नव्हता. मला वाटायचं, तो एकटाच आहे." आणि त्यांनी विलासरावांच्या गालावर हलकेच थोपटलं.

*

यानंतरची माहिती थोडक्यात. क्रमांक दोनशे सतरा वॉरनच्या तिजोरीत त्याच खणात आहे, कारण परवाना येईपर्यंत ती हलवता येत नाही आणि परवाना कुणा एकाच्याच नावे निघतो. तो एक कोण, यावर गटाच्या सात सभा झाल्या. तोवर पेटी प्रत्येक घरी पंधरा पंधरा दिवस राहते. पाहुणे आले की झाकण उघडतात, मखमलातला खड्डा बघून पाहुणे "वा!" म्हणतात, आणि यजमान त्यांना बोट लावू देत नाहीत. वॉरनकडे याच आवृत्तीचे आणखी तीन नग साडेआठशेला विकायला आहेत. गटातल्या लोकांनी ते पाहिले. इतक्या स्वस्तात मिळतात म्हणजे त्यांत काहीतरी गडबड असणार, म्हणून कोणी घेतले नाहीत. नचिकेतच्या मॉडेलनुसार दोनशेसतराची आजची किंमत सव्वीस हजार आहे.

विलासरावांनी भाव सांगणं सोडलं. कोणी फोन केला तर ते स्पष्टच सांगतात, "मला माहीत नाही." हे उत्तर गावाला फार खोल वाटतं. पूर्वी दिवसाला दोन फोन येत, आता नऊ येतात.

आणि तुम्ही. एकोणीस हजार चारशे हा आकडा वाचलात तेव्हा मनातल्या मनात "फारच झाले" असं म्हणालात. नाही म्हणू नका. सव्वीसवर भुवई उचललीत, आणि साडेआठशेला तुम्हाला क्षणभर वाटलं की एक घेऊन ठेवायला हरकत नव्हती. तुम्ही ती रिव्हॉल्व्हर पाहिलेली नाही, तुम्हाला ती नको आहे, आणि खुर्चीच्या पायाचीही गोष्ट तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. तरीही या क्षणी तुमच्या डोक्यात तिचा एक वाजवी भाव तयार आहे. तो कुठून आला, ते शांतपणे आठवून बघा. फक्त मोठ्याने बोलू नका. शेजारी कोणीतरी ऐकत असेल, आणि त्याला एवढा आधार पुरतो.